टाळूवरचा रंग

हेल्मेट स्वच्छ होतं. रविवारी सकाळी चर्चमधून आल्यावर मार्ला हुडाक कपडे धुवायला तळघरात उतरली, दिव्याची दोरी ओढली आणि शेवटच्या पायरीवरच थबकली. वॉशिंग मशीनच्या झाकणावर तिच्या मुलाचं, कॉलिनचं, हेल्मेट होतं. शुक्रवारच्या अमेरिकन फुटबॉलच्या मॅचनंतर ते तिथंच पडलेलं असायचं, खाली चिखलानं कडक झालेल्या पँटी, वर हेल्मेट. त्यात नवल काही नव्हतं. नवल हे की ते पांढरंशुभ्र होतं. आजच दुकानातून आणल्यासारखं. तिला क्षणभर वाटलं, दुसऱ्याच कुणाच्या पोराचं आपल्याकडे आलं. मग मागचा बावन्न आकडा दिसला, हनुवटीच्या पट्ट्याचं चावून चावून चोथा झालेलं टोक दिसलं. कपड्यांची टोपली तिनं पायरीवर ठेवली. वरच्या मजल्यावर टीव्ही लागलेला होता, पंख्याच्या घरघरीसारखा गर्दीचा आवाज येत होता, आणि तिला ते हेल्मेट उचलायची भीती वाटत होती.

या घरात हेल्मेट पुसत नाहीत. या घरात कशाला, अख्ख्या वेस्लरमध्ये कुणी पुसत नाही. धडक बसली की समोरच्याच्या हेल्मेटचा रंग आपल्या हेल्मेटवर उतरतो, आणि तो कमावलेला रंग असतो; पोरं पाठीवरचं खरचटलेलं दाखवायला लाजतील, पण हे ओरखडे मुलींना बोट धरून दाखवतील. लग्न झालं तेव्हा मार्ला नदीपलीकडून आलेली, तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. कपाटावर नवऱ्याचं शाळेतलं जुनं हेल्मेट घाणेरडं होऊन पडलेलं दिसलं, तिनं ओलं फडकं घेतलं. ग्लेन हा आवाज न चढवणारा माणूस. त्यानं तिच्या हातातून ते असं हिसकावून घेतलं होतं की तिचं नख मोडलं. 'हा निळा मॅकडॉनल्ड शाळेच्या पोरांचा,' तो ओरखड्यांवर बोट ठेवत म्हणाला होता, 'हा सोनेरी सेंट बेनेडिक्टचा, आणि हा काळा, हा ज्याचा होता तो उठलाच नाही हाफटाइमपर्यंत.' सगळा जिल्हा त्या एका टोपीवर होता. ते हेल्मेट अजून कपाटावर आहे. त्यावरची धूळ ग्लेन स्वतः फुंकून काढतो. अशा बापाच्या पोरानं आपलं हेल्मेट घासूनपुसून ठेवावं, हे म्हणजे पोरानं आपलं आडनाव खोडून ठेवण्यासारखंच होतं.

तिनं ते उचललं आणि तिला स्वतःचाच वास आला. दिवसभर पार्लरमध्ये बायकांची नखं करून घरी आलं की हाताला, केसांना, जेवणालासुद्धा जो वास राहतो तो, नेलपॉलिश काढायच्या पाण्याचा. फळीवर तिची मोठी बाटली होती, झाकण नीट न लावलेली, जवळजवळ संपलेली. एका हेल्मेटला इतकं लागत नाही, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला. कचऱ्याच्या डब्यात कापसाचा एक बोळा नव्हता. एरवी मोजा जागेवर न ठेवणारं पोरगं, त्यानं मागं खूण म्हणून ठेवली नव्हती. पण ते हेल्मेट तिनं दिव्याखाली तिरकं धरलं तेव्हा दिसलंच: सगळीकडे चकाकी होती, आणि वर, अगदी टाळूवर, तळहाताएवढी जागा निस्तेज झाली होती. तिथं त्यानं पुन्हा पुन्हा घासलं होतं. मार्ला पायरीवर बसली. कॉलिन लहान होता तेव्हा त्याची टाळू भरायला उशीर लागला होता. अंघोळ घालताना तिच्या तळव्याखाली ती जागा धडधडायची, मऊ, उघडी, आणि तिला वाटायचं की देवानं हे काम अर्धवट ठेवून पोर आपल्या हातात दिलंय. आता तिनं तोच तळवा त्या निस्तेज जागेवर ठेवला. तिथं काही धडधडत नव्हतं.

कोच बॅस्कमचं टेबल. दुसरं कारणच असू शकत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पोरांना टॅकल, म्हणजे समोरच्याला धरून पाडणं, शिकवायला हा माणूस शाळेत आला, थोराड, हळू बोलणारा, दोन्ही गुडघे कामातून गेलेला, आणि त्यानं पहिल्याच आठवड्यात जिममध्ये एक लांब टेबल मांडलं. दर सोमवारी शाळा सुटल्यावर पोरांनी आपापली हेल्मेटं त्यावर ओळीनं ठेवायची. कोच हात पाठीमागे बांधून टेबलाच्या कडेनं चालणार. कपाळावर रंग, जाळीवर रंग, कानाच्या बाजूला रंग, तो पुढे जातो. टाळूवर नवा रंग दिसला की थांबतो, त्यावर हात ठेवतो आणि ज्याचं हेल्मेट त्याच्याकडे बघतो. झालं. त्या पोरानं पुढच्या शुक्रवारी साध्या कपड्यांत बाकावर बसायचं आणि आठवडाभर गादीवर खांद्यानं धरायला शिकायचं. त्यावर रडारड नाही, बापाचा फोन नाही. गेल्या वर्षी ऐन मोठ्या मॅचला त्यानं तिघांना बसवलं आणि शाळा हरली. न्हाव्याच्या दुकानात लोक म्हणत, हा पोरांना फुटबॉल शिकवतोय की कंबर हलवायला; कुणीतरी त्याच्या अंगणात कचऱ्याची पिशवी फोडून गेलं. त्यानं ती उचलली आणि सोमवारी पुन्हा टेबल मांडलं.

ऑगस्टमध्ये त्यानं आयांना बोलावलं होतं. बापांना नाही, आयांना. जिमच्या गादीवर पन्नाशीतल्या, चाळिशीतल्या बायका मोजे घालून उभ्या, एकमेकींकडे बघून खिदळणाऱ्या. कोचनं खिशातून न शिजवलेल्या स्पॅगेटीची एक काडी काढली. 'मान वर असली की तिला बाक असतो,' तो म्हणाला, 'बाक असला की ती धक्का खाते, खाली-वर होते, सोसते. मान खाली घातली की ती सरळ होते. अशी.' त्यानं काडीची दोन टोकं दोन बोटांत धरली आणि हलकेच दाबली. तुकडा उडून एकीच्या चष्म्यावर आपटला आणि सगळ्या हसल्या. मार्लाही हसली होती. तेव्हापासून तिला स्पॅगेटी उकळत्या पाण्यात मोडून टाकता येत नाही, अख्खी टाकते, टोकं बाहेर राहतात, ग्लेन कुरकुरतो. मग कोचनं त्यांना सरावाच्या एका मोठ्या भरलेल्या पिशवीवर धावून जायला लावलं. डोकं वर, गाल तिच्या कडेला, खांदा लावा, दोन्ही हातांनी कवटाळा. ज्याला पाडायचंय तो शेवटपर्यंत दिसला पाहिजे. मार्ला धावली. पिशवी जवळ आली तसे तिचे डोळे मिटले, हनुवटी छातीला लागली, आणि टाळू जाऊन धप्पदिशी आदळली. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. 'कोच, डोकं आपोआप खाली जातंय,' ती ओशाळून म्हणाली. त्यानं तिला हात देऊन उठवलं. 'सगळ्यांचंच जातं, मिसेस हुडाक. घाबरलं की माणूस डोकं लपवतो. लोकांना वाटतं, डोकं घालणारं पोरगं बेडर आहे. उलटं आहे ते.' हे वाक्य ती घरी घेऊन आली होती आणि कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायचं म्हणजे कॉलिनबद्दल काहीतरी सांगायचं.

शुक्रवारी तिनं पाहिलं होतं. तिला मॅच म्हणून मॅच कधीच दिसत नाही. बँडचे ढोल कानात शिरतात, कोकोच्या पेल्यानं हात भाजतात, शेजारी ग्लेनचं कोपर तिच्या बरगडीत लागत असतं, आणि त्या सगळ्या उजेडात ती फक्त एक पांढरा ठिपका धरून ठेवते, बावन्न आकड्याच्या वरचा. बाकीचे एकवीस जण तिच्या लेखी धुकं. तिसऱ्या डावात धुक्यातून एक दांडगा पोरगा चेंडू बगलेत मारून आला, आणि तो पांढरा ठिपका त्याच्या दिशेनं निघाला, आणि शेवटच्या क्षणी खाली गेला. तिनं तो खाली जाताना पाहिला. आवाज स्टँडपर्यंत आला. लोक उभे राहिले, ग्लेन उभा राहिला, आणि खोटं कशाला बोला, मार्लाही उभी राहून ओरडली. दरवेळी ओरडते, ओरडून झाल्यावर तिला स्वतःची किळस येते, आणि पुढच्या वेळी पुन्हा ओरडते. तो पोरगा आडवा झाला होता. कॉलिन गुडघ्यांवर आणि एका हातावर होता. उजवा हात लोंबत होता. हाताला पाणी लागल्यावर झटकावं तसा त्यानं तो झटकला, उठला, आणि कोचकडे न बघता आपल्या जागी गेला. पोरं याला डंख म्हणतात. मानेतून हातात वीज उतरते, मग हात मेल्यासारखा होतो, मग परत येतो. परत येतोच, असं सगळे म्हणतात.

दुपारी जेवायला बसले तेव्हा तिनं मधे विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. कॉलिननं दुधाचा कॅन डाव्या हातानं उचलला. काटा डाव्या हातात होता, स्पॅगेटी त्याभोवती गुंडाळता येत नव्हती, सुटून सुटून ताटात पडत होती. ग्लेनचं लक्ष टीव्हीवर होतं.

'हेल्मेट अगदी लखलखीत केलंयस,' ती म्हणाली. तिला स्वतःचा आवाज बाहेरून आल्यासारखा वाटला.

ग्लेन वळला. त्याची मान वळत नाही, त्यामुळे तो खुर्चीसकट वळतो. गाडी मागे घ्यायची तर आरशांवर घेतो, मित्र त्याला घुबडाच्या उलटा म्हणतात आणि तो त्यांच्याबरोबर हसतो. 'हेल्मेट पुसलं? कुणी?'

'मॉमनं,' कॉलिन म्हणाला. त्यानं बापाकडे पाहिलंच नाही. सरळ तिच्याकडे पाहत होता. 'सीनियर पोरांचा फोटो आहे ना उद्या. तिला वाटलं घाण दिसेल.'

फोटो सप्टेंबरातच झाला होता. दिवाणखान्यात लावलेला होता, ग्लेनच्या डोक्याच्या बरोबर मागे, त्याला वळल्याशिवाय न दिसणारा. मार्लाच्या तोंडात घास होता. तिनं तो चावला, गिळला. टेबलाच्या पलीकडून एक मिशा फुटलेला, तिच्यापेक्षा वीतभर उंच पोरगा तिच्याकडे बघत होता, आणि त्या डोळ्यांत धमकी असती तर तिनं खरं सांगून टाकलं असतं.

'हो,' ती म्हणाली. 'मीच.'

'धन्य आहे तुझी,' ग्लेन म्हणाला. 'वीस वर्षं झाली, तुझं ते फडकं काही सुटत नाही. अगं, पोराच्या चार वर्षांची कमाई होती ती.' तो रागावला नव्हता, खरंच हळहळला होता. 'जाऊ दे. शुक्रवारी नवीन कमवेल. काय रे?'

'हो डॅड,' कॉलिन म्हणाला.

भांडी धुताना तो तिच्या मागे येऊन उभा राहिला. थँक्स म्हणाला नाही. 'कोचनं विचारलं तर हेच सांग,' एवढंच म्हणाला. तिनं हात पुसले आणि त्याचा उजवा हात स्वतःच्या हातात घेतला, पार्लरमध्ये टेबलावर अनोळखी बायकांचे हात घेते तसा, तळवा खाली करून. त्यानं ओढून घेतला नाही. 'डोळे मीट,' ती म्हणाली. 'कुठलं बोट धरलंय सांग.' तो कंटाळल्यासारखा हसला, डोळे मिटले. बराच वेळ गेला. 'मधलं,' तो म्हणाला. तिनं अंगठा धरला होता. तिचा हात बोलला असावा, कारण त्यानं डोळे उघडले, पाहिलं, आणि मग सावकाश हात काढून घेऊन खिशात घातला, जणू तो कुणा दुसऱ्याचा होता आणि सांभाळायला दिला होता.

'शुक्रवार होऊ दे, मॉम. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. तो कॉलेजचा माणूस टीमसाठी पोरं निवडायला एवढ्या लांबून गाडी चालवत येणार आणि मी काय बाकावर बसू, जीन्स घालून?'

'अरे पण तुला कळत नाहीये हाताचं.'

'परत येतं ते. आणि तू फोन करायचा नाहीस. शपथ घे.'

त्यानं शपथ घे म्हटलं आणि दोघांनाही नववीतलं वर्ष आठवलं. तेव्हा दुसरा कोच होता. कॉलिनचं डोकं दोन दिवस दुखत होतं म्हणून तिनं भीत भीत फोन केला होता, आणि त्या गृहस्थानं सरावाच्या वेळी सगळ्यांसमोर विचारलं होतं, हुडाक, तुझ्या मम्मीचं डोकं कसं आहे. दुसऱ्या दिवशी त्याच्या लॉकरमध्ये दुधाची बाटली निघाली, रबरी बोंडल्याची. मग कुणी लंगोट ठेवला. सगळा हिवाळा पोरगं तिच्याशी बोललं नव्हतं. ताट घ्यायचं, वर जायचं, ताट दाराबाहेर ठेवायचं. ताटाशी बोलावं तशी ती दाराशी बोलायची. तसला आणखी एक हिवाळा आपल्याच्यानं निघणार नाही, हे तिला माहीत होतं. आणि शुक्रवारनंतरचा हिवाळा कसा असेल, कुठल्या खोलीत, कुठल्या पलंगाशी बसून, हेही तिला दिसत होतं. दोन्ही हिवाळे तिच्यासमोर उभे होते.

'फोन नाही करणार,' ती म्हणाली.

ग्लेन गॅरेजमध्ये होता. ती त्याच्याकडे गेली, कारण दुसरं कुणी नव्हतं. त्याच्या हाताला कळत नाहीये, ती म्हणाली, मी अंगठा धरला तर मधलं बोट म्हणाला. ग्लेन पान्हा पुसत राहिला. 'डंख आहे तो. मला काय कमी बसलेत?'

'म्हणूनच म्हणते. तुझी मान बघ.'

'माझ्या मानेला काय झालंय?' त्यानं विचारलं, आणि ते विचारायला तो पायांपासून सगळा तिच्याकडे वळला. दुसऱ्या कुठल्या दिवशी ती हसली असती. त्यालाही ते कळलं, कारण त्याचा आवाज उतरला. 'मार्ला, ऐक. तो माणूस येणार शुक्रवारी. त्याला पोरगं आवडलं की ते इथून निघतं. या नदीच्या, या बंद पडलेल्या भट्ट्यांच्या बाहेर. मी नाही निघालो. मला बोलवायला कुणी आलंच नाही.' त्याचे डोळे ओलावले होते. तिला त्याचा राग यायला हवा होता. तो आला असता तर किती सोपं झालं असतं. इतकी वर्षं ज्या माणसाच्या शेजारी झोपली, त्याला वळून तिच्याकडे कूस बदलता येत नाही, उठून बसून बदलावी लागते, आणि तरी तो हेच सांगत होता, आणि मनापासून सांगत होता. तिच्या लक्षात आलं की या घरात कुणीही वाईट नाही आणि म्हणूनच तिला पकडायला कुठं काही नाही. ती परत घरात आली.

तळघराच्या वरच्या खिडकीतून अजून उजेड येत होता. ती मशीनसमोर उभी राहिली. फोन करणार नाही असं तिनं म्हटलं होतं. कुणाला सांगणार नाही असंही जवळजवळ म्हटलंच होतं. जेवणाच्या टेबलावर तिनं खोटं अंगावर घेतलं होतं, आणि उद्या कोच हात पाठीमागे बांधून या पांढऱ्या टोपीसमोरून पुढे निघून जाणार होता, कारण आया असल्या गोष्टी करतात हे त्यालाही माहीत होतं. म्हणजे तिच्या पोराची मान आता तिच्याच फडक्याखाली झाकलेली होती. तिनं पार्लरचा डबा उघडला. का उघडला, हे तिला आधी कळलं नाही. बाटल्या एकमेकींवर किणकिणल्या. गुलाबी, कोरल, निळा, काळा, लग्नाच्या मुलींचा फिकट, हॅलोविनला लहान पोरींची चेटकिणीची नखं करून उरलेला हिरवा, आणि डाळिंबी. तिनं शुक्रवार आठवायचा प्रयत्न केला. दांडगा पोरगा, चेंडू, धुकं. डाळिंबी होता तो. डाळिंबीच. मग तिनं हेल्मेट गुडघ्यांत धरलं, बाटलीच्या तोंडावर ब्रश निपटून कोरडा केला आणि टाळूच्या त्या निस्तेज जागेवर एक फराटा ओढला, जोरात, कडेला उडालेला, मग अंगठ्यानं फरफटवला. दुसरा त्याला छेदून. ती रोज नखावर एक रेघ इकडची तिकडे होऊ देत नाही. आता मुद्दाम वेडंवाकडं करताना तिला घाम फुटला. काम सुरेख झालं होतं. दोन पावलं मागं होऊन पाहिलं तर कुणीही म्हणालं असतं, या पोरानं डोकं घातलंय. ते खरंच होतं, एवढाच तिला आधार होता. खऱ्याची नक्कल करताना आपल्याला चोरासारखं का वाटतंय, ते तिला कळेना. रात्री ती पडून राहिली आणि ग्लेन उठून बसून, कूस बदलून, पुन्हा पडलेला तिला कळत राहिला.

सकाळी ग्लेन कामावर गेला होता. ती कॉफी गाळत होती तेव्हा कॉलिन तळघरातून वर आला. पाठीला बॅग, डाव्या हातात हेल्मेट. त्यानं ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं, टाळू तिच्याकडे करून.

'मॉम,' तो म्हणाला, 'शुक्रवारची टीम हिरवी होती.'

तिनं किटली खाली ठेवली. बाहेर त्याच्या मित्राची गाडी येऊन थांबली, एकदा हॉर्न वाजला. बोलायला काही राहिलंच नव्हतं, तरी ती बोलली. 'मला रंग दिसत नाहीत रे. मी काय बघते तिथं? मला तूच तेवढा दिसतोस. तू खाली गेलास ते दिसलं. नको बोलूस माझ्याशी. वर्षभर नको बोलूस. मी दाराशी ताट ठेवीन. पण मला तू चालता-फिरता हवायस, एवढंच, मग मला बाकी काही नको.'

तो रागावेल म्हणून तिनं टेबलाची कड धरली. तो खुर्चीत बसला. बॅग पाठीलाच होती, त्यामुळे खुर्चीच्या टोकावर बसला, लहानपणी बसायचा तसा. डाव्या अंगठ्यानं त्यानं एक डाळिंबी फराटा घासून पाहिला. हॉर्न पुन्हा वाजला. तो उठला नाही.

'कोच ओळखेल,' तो म्हणाला. 'त्याला सगळ्यांचे रंग पाठ आहेत.'

'मग?'

तो खाली बघत राहिला. पापण्या ओल्या होत्या, पण चेहरा अगदी कोरडा, बाकावर बसवलेल्या पोरांचा असतो तसा. टीममधलं पोरगं आपण होऊन कोचला सांगत नाही. मान दुखते, हात मेलाय, भीती वाटते, हे कुणी म्हणत नाही. पण सोमवारी टेबलावर पकडलं गेलं तर त्यात लाज नाही, पकडले तर सगळेच जातात. मार्लाला हे आत्ता, त्याच्या वाकलेल्या मानेकडे बघताना कळलं, आणि डोकं लपवण्याबद्दलचं कोचचं ते वाक्यही आता कुठं पुरतं कळलं.

'तुझ्याकडे हिरवा आहे?' कॉलिननं विचारलं.

ती तळघरात गेली आणि डबा आणि नेलपॉलिश काढायची ती मोठी बाटली घेऊन आली. बाटलीच्या तळाशी उरलेल्या पाण्यानं तिनं डाळिंबी पुसून काढला. बाहेरची गाडी निघून गेली. चेटकिणीचा हिरवा तिनं ब्रशवर घेतला, कोरडा केला, आणि थांबली. 'कुठं?' तिनं विचारलं. त्यानं डाव्या हाताचं बोट ठेवलं. 'इथं. अजून थोडं मागं.' तिनं रंग लावला, अंगठ्यानं फरफटवला. 'आणि इथं. हा चौथ्या डावात.' तो तिनं पाहिलाच नव्हता. तिनं तोही लावला आणि बाटलीचं झाकण घेतलं.

'थांब,' तो म्हणाला. त्यानं तिचं मनगट धरलं. कित्येक दिवसांत धरलं नव्हतं. बोट पुन्हा टाळूवर गेलं, आधीच्या दोन्हींच्या मधे. 'इथं निळा लागेल.'

'निळा कुठला?'

'त्याच्या आधीच्या शुक्रवारचा. मी दर वेळी तेवढी टाळूच पुसायचो. या वेळी हिरवा जाईना, सगळीकडे फासला, म्हणून सगळंच पुसावं लागलं.' तो तिच्याकडे बघत नव्हता. 'हात दुसऱ्या मॅचपासून असा आहे, मॉम.'

तिला बाटलीचं झाकण उघडता येईना, त्यानं डाव्या हातानं उघडून दिलं. तिनं निळा लावला. तो म्हणाला, इथं काळा. मग इथं सोनेरी. तिच्याकडे सोनेरी होता, नाताळाचा. हळूहळू ते हेल्मेट कपाटावरच्या त्या दुसऱ्या हेल्मेटसारखं दिसायला लागलं. मार्ला काही विचारत नव्हती, मोजत नव्हती, फक्त त्याचं बोट जाईल तिथं ब्रश नेत होती. डब्यातल्या बाटल्या एकेक करून टेबलावर उघड्या झाल्या, आणि त्याचं बोट अजून थांबलं नव्हतं.